दरेकशाच्या दोन मावश्या

गोंदियाहून सुटलेली पॅसेंजर सालेकसा सोडून जंगलात शिरली, तेव्हा समोरच्या बाईंनी विचारलं, "कोनाकडे जाऊन राहिली व बाई?"

"मावशीकडे," मी म्हटलं.

मावशी तर पावसाळ्यातच वारली होती. पण मी खोटं बोलले नाही. दरेकशाला मला दोन मावश्या होत्या: आईची बहीण तुळसा, आणि तिच्यासोबत एका घरात जन्म काढलेली सुमन. त्या एकमेकींच्या कोण, हे गावाला ठाऊक होतं आणि गाव ते बोलत नव्हतं. मला लवकर कळलं, कारण मीही त्यातलीच. मी राहते त्या इंग्लंडात दोन बायकांनाही जोडपं म्हणून नोंदणी करता येईल असा नागरी भागीदारीचा कायदा आल्यावर माझी जोडीदार कॅथरीन आणि मी नोंदणी केली, तेव्हा साऱ्या गणगोतात फक्त या दोघींनी फोनवरून आशीर्वाद दिला होता.

स्टेशनवर सुमनमावशी उभी होती. वाळून काडी झाली होती. "तुळसा असती तं रुळावर आली असती तुले घ्याले," ती म्हणाली, आणि आम्ही दोघीही रडलो.

जेवायला भात आणि लाखोरीची (लाख डाळीच्या सुकवलेल्या पानांची) भाजी होती. ताट वाढताना तिनं सांगितलं, की तुळसाचा भाऊ, म्हणजे माझा देवचंदमामा, उद्या घराचा आणि मागच्या मोहाच्या झाडाचा ताबा घ्यायला येणार आहे. "आजारात म्या उचलून न्हाऊ घातलं तिले. तवा कोनी नाही इचारलं, तू कोन म्हणून. आता इचारून राहिले."

गोंदियाच्या वकिलांना मी येतानाच भेटले होते. नवरा नाही, मूल नाही, मृत्युपत्र नाही. आईनं आपला हिस्सा भावाला सोडलेला, म्हणून बापाकडून आलेलं घर मामाकडे जाणार. सुमन कायद्याच्या लेखी कोणीच नव्हती. इंग्लंडात आम्ही सही केली, तेव्हा एकीचं आजारपण दुसरीच्या माथी आलं, तसा एकीच्या घरावर दुसरीचा हक्कही आला. इथे माथी यायचं ते सगळं आलं होतं आणि हाती भोपळा. रागानं मला जेवण गेलं नाही.

सकाळी सुमनमावशी पाण्याला गेली होती. मोह गळायच्या बेतात होता. नुसतं बसून काय करायचं, म्हणून मी खराटा घेतला आणि झाडाखालचा पाचोळा काढला. पाहुण्यानं फुकटचा उद्योग करू नये. शेजारीण कुंपणावरून ओरडली, "हे कायले केलं व पोरी? जो झाडते, त्याचाच मोह!"

इथली रीतच तशी. फुलं पडायच्या आधी जो खालची जागा झाडतो, त्या सालचा मोह त्याचा. मावशीचा उरलासुरला हक्क मीच झाडून टाकला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात मामा आला. जय भीम झाला. साफ जमीन पाहून तो खूश झाला.

"बरं केलं. तू माह्या बहिणीची पोर. तुहा हक्क हाय. घे यंदाचा मोह."

आयुष्यात दोन-चारदा या गावात आलेली मी, आणि मला हक्क होता! मावशी पाण्यानं भरलेला पितळी गुंड डोक्यावर घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

मी खराटा तिच्या हातात दिला. "मामा, माझा मोह मी हिला दिला. मावशी, मला नीट जमलं नाही. तू झाड."

तिनं गुंड उतरवला. मामाकडे पाहिलं. मग झाडलेली जमीन तिनं बुंध्यापर्यंत पुन्हा झाडली, सावकाश, एकही पान न ठेवता. मामा बघत राहिला. "घराचं मोह सरल्यावर पाहू," एवढं म्हणून चहा न घेता गेला.

इंग्लंडला घरी परतल्यावर कॅथरीननं विचारलं, "घर राहिलं का?"

"मोहापुरतं," मी म्हटलं.

नोंदणीच्या दिवशी सह्या करून आम्ही हसतखेळत जेवायला गेलो होतो. त्या सहीनं आम्हाला काय दिलं, ते मला दरेकशाला कळलं.

महिन्याभरानं मावशीचा फोन आला. मोह भरपूर पडला होता.

"पुढच्या सालीबी येजो," ती म्हणाली. "माह्या हातचा खराटा कोनी मानत नाही व. तुह्या हातचा मानतेत."