शुक्रवारी विसरणारा मोडेम

गुरुवार, ९ जानेवारी २०२५. सकाळी गॅसचा सिलिंडर बदलला. दुपारी वरच्या खोलीतली इंद्रायणी माझ्या टेलिफोनची तार मागायला आली.

ती परभणीकडची. भोसरीत सोपानरावांच्या वर्कशॉपमध्ये भट्टी सांभाळते. तिथे सुटे भाग तापवले की तापमानाची नोंद जुन्या मोडेमवरून, फोनच्या तारेने, तळेगावच्या कंपनीला जाते. नोंद पोचल्याशिवाय ते माल घेत नाहीत. अलीकडे ही नोंद तीनदा रखडली. "पुन्हा अडलं तर मोडेम भंगारात, अन् तूबी घरी," असं मालकांनी बजावलं होतं.

आज वर्कशॉपला सुट्टी. तिने मोडेम माझ्या टेबलावर मांडला, लॅपटॉपला जोडला आणि 'एटी' टाइप केलं. पडद्यावर 'ओके' उमटलं.

"एटी म्हणजे, इकडे लक्ष दे."

नंबर लावला, तर उत्तर आलं, डायल टोन नाही. मी रिसीव्हर कानाला लावून पाहिला होता. टोन स्वच्छ होता.

"त्याला आपला टोन ओळखू येत नाही, आजी. वाट न बघता नंबर लाव, असं सांगावं लागतं." तिने एटी, एक्स, तीन असं टाइप केलं. मोडेम किंचाळला, खरखरला आणि तळेगाव लागलं. "चार दिवस ऐकतो, मग विसरतो. म्हातारा झालाय."

"म्हाताऱ्यांना नावं ठेवू नकोस," म्हणत मी डायरीची मागची पानं चाळली. ती कामावरून उशिरा आली की मी लिहून ठेवते. नोंद रखडली त्या तिन्ही वेळा शुक्रवार होता.

मग तिला उमगलं. गुरुवारी त्यांच्या भागातली वीज बंद असते. वीज गेली की मोडेमला सांगितलेलं पुसलं जातं. ते जपून ठेव, ही आज्ञा तिने कधी दिलीच नव्हती. ती तिने आता दिली, प्लग काढला, चहा होईपर्यंत थांबली, पुन्हा लावला. नुसता नंबर दिला. तळेगाव लागलं.

दोष मोडेमवर राहिला असता तर कुणाला कळलं नसतं. तिने तिथूनच सोपानरावांना फोन केला, स्पीकरवर.

"मालक, मोडेम चांगलाय. चूक माझी होती." काय चुकलं तेही सांगितलं.

"मंग तीन हप्ते त्या डबड्याला शिव्या घातल्या, त्या?"

"माझ्या नावावर धरा."

"समदं भितीवर मोठ्या अक्षरात लिवून ठेव. तू रजेवर गेलीस तर आमी काय करायचं?"

"म्हणजे उद्या येऊ?"

"व्हय. आठला."

इतक्या सरळपणे चूक कबूल करणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

संध्याकाळी लिहिलं: टेलिफोन परत जोडला. इंद्रायणी जेवायला होती, तांदूळ दीड वाटी घेतला.