अमेरिकेच्या गोष्टीला आबांचं ‘हुं’

वाचायला बसावं आणि किस्सेच जास्त व्हावेत, असा आमचा जुन्नरचा वाचनकट्टा! रविवारी माझ्या इलेक्ट्रिकच्या दुकानाच्या माडीवर भरतो. कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या मेघना मॅडम एका नव्या अमेरिकन लेखिकेच्या कथा मराठीतून वाचून दाखवतात. पोरीचं तिकडे सध्या बरंच नाव होतंय म्हणे. मॅडमना त्या कथांचं मराठी पुस्तक करायचंय. परवानगीसाठी मेलवर मेल गेले, उत्तर नाही. बाई पार हिरमुसल्या होत्या, बघवत नव्हतं.

*

मढचे भिवाआबा मेंढरं राखत म्हातारे झाले. पहिल्याच दिवशी दर वाक्याला ‘हुं’ म्हणायला लागले.

मॅडम घाबरल्या. “आबा, काही दुखतंय का?”

“न्हाई वो! गोष्टीला हुंकार नको व्हय? हुं थांबलं की सांगणारा थांबतो.”

*

एका कथेत एकटी बाई बर्फाकडे बघत दारात उभी राहते. कथा संपते.

“मंग फुडं?” येडगावचे पोपटशेठ.

“संपली.”

“आशी कशी संपली राव? दार लावलं का न्हाई तिनं? थंडी लई आसंल तिकडं!”

पुढच्या रविवारी आल्या आल्या पहिला प्रश्न, “लावलं का दार?”

*

दुसऱ्या कथेत मायलेकी वर्षानुवर्षं बोलत नाहीत. आमच्या शोभावहिनी मध्येच उठल्या आणि जिन्यातून पुण्याच्या लेकीला फोन लावला.

“काय नाय गं, गोष्ट ऐकत व्हते. जेवलीस का?”

त्या दिवशी पुढचं वाचन कुणालाच सुचेना.

*

आणि एकदाचं उत्तर आलं! लेखिका म्हणाली, आधी तुमच्या कट्ट्याशी बोलते. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल. तिच्याकडे संध्याकाळ.

ती दारातल्या बाईची कथा इंग्रजीत वाचू लागली. पहिल्या वाक्याला आबा, “हुं!”

ती दचकली. मॅडमनी आबांची रीत समजावली. ती खूश होऊन वाचू लागली. मध्ये आबा तंबाखू मळण्यात गुंतले, हुं चुकलं. लेखिका वाचायची थांबली! आबांकडे टक लावून बसली.

“हुं, हुं!” आबा गडबडले. गाडी पुढे सुरू.

कथा संपली. पोपटशेठनी मॅडमकरवी दाराचं विचारलंच. “मलाही माहीत नाही,” ती म्हणाली.

मग मॅडमनी विचारलं, “या कथा मी मराठीत आणू का?”

पोपटशेठनी चहाचा कप तसाच हातात धरला होता.

ती कॅमेऱ्याच्या जवळ आली, आबांकडे बघत म्हणाली,

“हुं!”