गुडघ्याची चुंबळ

सागाचं झाड कमरेच्या उंचीवर कापून चालत नसे. आरा बुडाशी, जमिनीपासून वीतभराच्या आतच लागला पाहिजे, असा नियम होता. मुळाजवळ जंगल खात्याच्या हातोड्याचा शिक्का मारलेला असे. तो खुंटावर शाबूत राहायला हवा आणि त्याच्या वरचं लाकूड वाया जाता कामा नये. म्हणजे आरेवाल्यांना गुडघे टेकूनच काम करावं लागे. एक इकडे, एक तिकडे, मध्ये दोन मुठींचा लांब आरा. झाड मोठं असलं तर अर्धा दिवस त्यातच जाई. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज हेच.

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. मी त्या कामावर मुन्शी होतो. एका ठेकेदारानं एटापल्लीच्या बाजूचं एक कूप घेतलं होतं. जंगलाचा जो तुकडा त्या साली तोडायचा, त्याला कूप म्हणत. सातवी पास, वय बावीस आणि अक्षर बरं, एवढ्यावर मला ती जागा मिळाली. कोणत्या जोडीनं कोणतं झाड पाडलं, दिवसभरात काय घडलं, हे मी वहीत लिहायचो. त्या वहीतली एक ओळ खोटी आहे. वही केव्हाच वाळवीनं खाल्ली असेल, पण ओळ माणसांच्या तोंडी राहिली. म्हणून नव्वदीला टेकल्यावर हे लिहायला बसलो आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. ते दिवस सुखाचे होते. बांबू आणि पानांच्या झोपड्या, नाल्याचं गार पाणी, संध्याकाळी भात आणि सुक्या मासळीचा वास. मी घरी धाकटा होतो, कोणी मला विचारत नसे. इथं मोठी माणसं ‘बाबू, हे वाचून सांगा’ म्हणत यायची. मला ते फार आवडायचं.

माझ्या आवडीची जोडी साळ्या-भाऊजींची होती. तलावाकाठच्या एका गावची ही ढिवर माणसं. एरवी मासे धरायची, थोडं धान लावायची आणि हंगामाला आऱ्यावर यायची. भाऊजी तिशीतला, शांत. साळा त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, त्याचं तोंड आऱ्यापेक्षा जास्त चाले. ती बाईही सोबत यायची, दोघांना रांधून घालायची आणि दोघांवर सारखंच ओरडायची.

आमच्याकडची जमीन मुरमाड. त्यात तोडलेल्या बांबूचे खुंट वर आलेले. पंधरा दिवसांत आरेवाल्यांचे गुडघे सुजायचे, काहींच्या गुडघ्यांत पाणी भरायचं. कोणी पोतं घडी करून घ्यायचा, कोणी पानं. पोतं चेपून जाई आणि पानं सरकत. एका संध्याकाळी भाऊजीचा गुडघा शेकता शेकता ती बाई म्हणाली, “आमी डोक्यावर पान्याचा गुंड घेतो तं खाली चुंबळ ठेवतो. तुमाले गुडघ्याले चुंबळ ठेवाले काऊन नाई होत?”

साळा म्हणाला, “गुडघ्यावर कोन पानी भरते, बाई?”

“तू गप राय. तुह्यासाठीबी करतो.”

तिनं धानाच्या तणसाची दोरी वळली, वाटीएवढी गोल वेटोळी केली आणि वरून जुन्या जाळ्याचा तुकडा गुंडाळून शिवला. गुडघ्याची वाटी मधल्या पोकळीत बसे आणि भार सगळा कडेवर येई. ती चुंबळ कुठं बांधायची नव्हती. जमिनीवर ठेवायची, वर गुडघा टेकायचा, आणि उठताना तिथंच सोडून द्यायची. आठ दिवसांत भाऊजीची सूज उतरली. बाकीचे हसले. “बायकोच्या चुंबळीवर बसते,” म्हणाले. मग एकेक करून त्यांच्याही बायका तणस मागायला आल्या.

तिच्या चुंबळीत एकच खोट होती. झाड पडलं की चुंबळ त्याच्याखाली चेंदली जाई, नाहीतर पाचोळ्यात हरवे. बाईला त्याचं काही नव्हतं, ती दुसरी करायची. मला मात्र वाटलं, यात सुधारणा केली पाहिजे. ठेकेदाराच्या ट्रकची जुनी ट्यूब मी ड्रायव्हरकडून मिळवली. चुंबळीला वरून टायरचा तुकडा शिवला, आणि गुडघ्याच्या वर एक आणि खाली एक असे ट्यूबचे दोन पट्टे लावले. पायालाच बांधलेली वस्तू हरवणार कशी? असा एक जोड करून मी आधी भाऊजीला दिला.

दोन दिवसांनी रेंजरसाहेब आले. त्यांनी भाऊजीचा गुडघा पाहिला, पट्टा ओढून पाहिला आणि विचारलं, “ही अक्कल कोणाची?”

“माझी, साहेब,” मी म्हणालो.

बाई दहा पावलांवर चूल फुंकत होती. तिनं ऐकलं असेल किंवा नसेल. साहेब म्हणाले की दुसऱ्या कुपांवरही हे दाखवलं पाहिजे, आणि ठेकेदारानं माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या आनंदात मी रात्री नीट जेवलोही नाही. गुडघ्याला चुंबळ लावायची कल्पना त्या बाईची होती, पट्टे तेवढे माझे. हे पहिलं दुरुस्त करून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी म्हणाला, “बाबू, गुडघ्याखालून मुंग्या येऊन राह्यल्या. पट्टा सैल करू का?”

“सैल केला की सरकतो,” मी म्हणालो. “दोन दिवसांत सवय होईल.”

त्यानं मान हलवली. मी शिकलेला होतो, त्याला वाटलं मला ठाऊक असेल.

त्या दिवशीचं झाड जाड होतं. पडायच्या बाजूला कुऱ्हाडीनं खाच घेतली, मागच्या बाजूनं आरा लावला. झाड पाडण्याआधी दोघांसाठी मागे तिरप्या दोन वाटा साफ करून ठेवतात. झाड कडकडलं की आरा सोडायचा आणि आपापल्या वाटेनं निघायचं. हे झाड बुडाशी पोकळ निघालं. कोणाला कल्पना नसताना ते कडकडलं. साळा त्याच्या वाटेनं गेला. भाऊजी उठला, त्याच्या वाटेवर एक पाऊल टाकलं आणि दुसरा पाय उचललाच गेला नाही. तासभर ट्यूबनं आवळून तो पाय मेल्यासारखा झाला होता. तो आडवा पडला. साग नेमून दिलेल्या बाजूलाच गेला, पण जाताना शेजारच्या झाडाची फांदी मोडून गेला. ती भाऊजीच्या नडगीवर आली.

साळा माणसं आणि बाज आणायला धावला. मी आणि भाऊजी दोघेच राहिलो. मी पहिलं काम काय केलं ते सांगायलाच हवं. मी खिशातल्या चाकूनं त्याच्या गुडघ्याचे पट्टे कापले, दुसऱ्या गुडघ्याचेही सोडले, आणि सगळं पाचोळ्याखाली ढकललं. त्याच्या पायाचं मला तेव्हा सुचलं नव्हतं. मला रेंजरसाहेब आठवले होते.

भाऊजी डोळे मिटून होता. म्हणाला, “बरं केलं बाबू. लय घट्ट होतं.”

जवळच्या गावातल्या एका गोंड म्हाताऱ्यानं हाड बसवलं. बांबूच्या कामट्या लावल्या आणि पळस फुलेपर्यंत उठू नकोस म्हणून सांगितलं. त्या संध्याकाळी ठेकेदार आला, ‘काय झालं ते लिहा’ म्हणाला. मी लिहिलं: ‘झाड पडतेवेळी आरेवाला मोकळी केलेली वाट सोडून उलट बाजूस पळाला, त्यामुळे दुखापत.’ एवढीच ती ओळ. अक्षर फार छान आलं होतं.

पळस फुलला, भाऊजी उठला, त्याची माणसं त्याला गावी घेऊन गेली. पाय थोडा आखूड राहिला. मी माझ्या मनाची समजूत घातली की संपलं.

पुढच्या दिवाळीनंतर तिघं परत आली. भाऊजी लंगडत होता, पण आरा त्यानंच खांद्यावर घेतला होता. त्या वर्षी तलावात पाणी कमी, मासळी नव्हती. आऱ्याची मूठ मिळाली नाही तर दुसऱ्याच्या शेतात राबण्याशिवाय त्याला काही उरलं नव्हतं, आणि लंगड्या माणसाला ते तरी कोण देणार.

ठेकेदार म्हणाला, “मुन्शीजी, मागच्या साली याचं काय लिहिलं आहे ते वाचा.”

मी माझीच ओळ त्या तिघांसमोर मोठ्यानं वाचली.

भाऊजी गोंधळला. “मी वाटेनंच गेल्तो, मालक. पाय नाई उचलला.”

“वहीत तसं नाई. जो उलटा पळते, तो स्वतः मरते आणि जोडीदारालेबी मारते. साळ्याले ठेवतो, तुले नाई.”

एवढंच बोलायचं होतं, की हा खरं सांगतो. मी पान उलटलं.

साळ्यानं आरा भाऊजीच्या खांद्यावरून काढून जमिनीवर ठेवला. “मालक, याले दोन मुठी हायेत. एक मूठ ठेवून घेता का तुम्ही? मंग दुसरी आमी घरी नेतो, भिंतीले टांगाले.”

“तुले दुसरा जोडीदार देतो ना.”

“दुसरा माह्या लयीत नाई ओढत. आन याले सोडून गेलो तं बहीन मले जेवू नाई घालत. तिले इचारा, इथीच उभी हाय.”

बाई म्हणाली, “भाकरीचा तुकडा नाई देनार.”

ठेकेदाराला हसू आलं. आरेवाले कमी मिळत होते हेही खरं. तो म्हणाला, “बरं. माह्यासमोर एक झाड पाडा. मी पाहतो कसा पळते.”

आम्ही सगळे गेलो. बाईनं टोपलीतून दोन नव्या चुंबळी काढल्या, तणसाच्या, बिनपट्ट्याच्या. भाऊजीनं चांगला पाय टेकला, आखूड पायाखाली तिनं जाड चुंबळ सरकवली आणि मागे झाली. आरा सुरू झाला. वर्षभर हात लागला नव्हता, तरी ओढ अशी सरळ होती की आऱ्याचा आवाज एकसारखा येत होता. भुसा दोन्हीकडे सारखा पडत होता. मी झाडाकडे पाहत नव्हतो, त्याच्या पायाकडे पाहत होतो. कडकड झाली. साळा गेला. भाऊजी उठला, चुंबळ तिथंच राहिली, आणि तो लंगडत, अजिबात घाई न करता, त्याच्या वाटेनं पंधरा पावलं चालत जाऊन थांबला. झाड पडलं. त्यानं घाम पुसला.

“घेतलं,” ठेकेदार म्हणाला. “मुन्शीजी, लिहा.”

मी लिहिलं. जुनी ओळ मात्र खोडली नाही. खोडायची तर कारण द्यावं लागलं असतं.

त्या संध्याकाळी मी भात घ्यायला गेलो तेव्हा बाईनं विचारलं, “बाबू, ते रबरवाले कुठी गेले? हे लय तारीफ सांगत होते त्याची.”

“तुटले,” मी म्हणालो.

“तुटले तं तुटले. तुम्हीबी दिवसभर खोक्यावर बसून लिहता. ही घ्या, बुडाखाली ठेवा.” तिनं एक मोठी चुंबळ माझ्या हातात दिली, आणि साळा म्हणाला, “बाबूचं बुड गुडघ्यापेक्षा नाजूक हाय.” सगळे हसले, मीही हसलो. तो हंगामभर मी त्या चुंबळीवर बसून लिहिलं. तिच्याइतकं आरामाचं आसन मला नंतर कुठल्याच कचेरीत मिळालं नाही.

भाऊजीनं पुढे बरेच हंगाम आरा ओढला. मग तलावावर परतला, पोरं मोठी केली, म्हातारा होऊन गेला. बाई त्याच्यानंतर गेली. मी दोघांनाही काही सांगितलं नाही. वाटलं असतं तर जाऊ शकलो असतो, एसटी त्यांच्या गावावरून जायची.

आता मी गडचिरोलीत मुलाकडे राहतो. आमच्या गल्लीत एक शिक्षिका भाड्यानं राहते, संध्याकाळी माझ्याशी गप्पा मारायला येते. एकदा तिनं सांगितलं की त्यांच्या घरी कोणी खेळताना चुकीच्या बाजूला गेलं, की म्हणतात, ‘आजासारखा पळू नको.’ मी विचारलं, कोणता आजा. ती म्हणाली, “आरेवाला होता. झाड पडलं तं उलटा पळाला, पाय मोडून घेतला. स्वतःच हसत सांगायचा. म्हणायचा, मले तं वाटते मी वाटेनंच गेल्तो, पन वहीत लिहिलं हाय म्हणजे पळालो असन.”

गावाचं नाव विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. मग मी तिला सगळं सांगितलं. पट्टे, मुंग्या, चाकू, पाचोळा, ओळ. ती उठली. आत गेली, सुनेनं केलेला चहा आणला, माझ्यासमोर ठेवला.

“हे घरी कोन सांगन?” ती म्हणाली. “मी नाई सांगत. तुम्ही लिहा. भावाच्या लग्नाले सगळे जमतात, साळा-आजाचे नातूबी येतात. वाचून मी दाखवतो, पन तुम्ही समोर बसाचं.”

मी होय म्हटलं. लग्न येत्या रविवारी आहे. तिनं गाडी सांगून ठेवली आहे, जेवल्याशिवाय उठायचं नाही असंही बजावलं आहे. मी विचारलं, “वाचून झाल्यावरही वाढतील का?”

“ते तिथी गेल्यावर समजन,” ती म्हणाली.