बाटलीवरचं ‘शुद्ध’

माझ्या नवऱ्याच्या आत्या, आमच्या आत्याबाई, चाळीस वर्षं तेलाच्या दुकानात बसल्या. बी पारखणं, घाण्यावर तेल काढणं, गाळणं, सगळं त्यांच्याच हातचं. फुटलेल्या टाचांना, कोरड्या कातडीला तिळाचं नाहीतर खोबऱ्याचं तेल त्या बिनदिक्कत देत. बावचीचं मात्र कधी बाटलीत भरून विकलं नाही. पांढऱ्या डागांना ते उपयोगी पडतं, पण आधी डॉक्टरांची चिठ्ठी बघायच्या, मग खोबरेलाच्या दहा थेंबांत बावचीचा एक घालून बजवायच्या, “आधी कोपराच्या आत लाव, दोन दिवस थांब. हे लावून उन्हात गेलीस तर कातडी भाजेल.”

त्यांचे गुडघे धरले आणि दुकान माझ्या दिराकडे आलं. त्यानं बावचीच्या बाटल्या भरल्या, वर हिरवं पान छापलं, खाली ठळक अक्षरांत: शुद्ध. वनस्पतीचं. अपाय नाही.

माझ्या नऊ वर्षांच्या लेकीच्या हनुवटीवर पांढरा डाग उठला होता. वर्गातल्या पोरी तिला ‘ठिपका’ म्हणायच्या. शुद्ध म्हटल्यावर मनात किंतू कशाला? मी बोट भरून चोळलं आणि तिला उन्हात खेळायला पाठवलं. तिसऱ्या दिवशी हनुवटीभर पाणी भरलेले फोड. डॉक्टर म्हणाले, “भाजलंय. खूण राहील की जाईल, आताच सांगता येत नाही.”

तिला घेऊन मी तशीच दुकानात गेले. आत्याबाईही काठी टेकत आल्या.

“वहिनी, झाडाचं तेल ते, केमिकल थोडंच आहे?” दीर म्हणाला.

“धोतराही झाडच रे, शहाण्या!” आत्याबाई कडाडल्या. “खाऊन बघतोस?”

“पण आत्या, थेंबाची भेसळ नाही त्यात.”

“तेच तर! मी जन्मभर भेसळ केली म्हणून लोकांची कातडी शाबूत राहिली.”

राग मला त्याचा होताच, पण माझा जास्त. वीस वर्षं आत्याबाईंना थेंब मोजताना बघत आले होते. देवानं डोळे दिले, आणि मी छापील अक्षरावर भरवसा ठेवला.

“डॉक्टर, थेंब, ऊन, एवढं सगळं बाटलीवर छापलं तर घेणार कोण?” दीर पुटपुटला.

आत्याबाईंनी बाटलीचं बूच काढलं. “बाही वर कर. शुद्ध आहे ना? लावते, जाऊन उन्हात बस.”

त्यानं हात मागे घेतला.

माझ्या लेकीला हनुवटी मागे घेता आली नव्हती. आईनंच धरली होती.