नसीमआपांचा निळा मोगरा

आदरणीय नसीमआपांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्यांनी मला एक अगदी साधे काम सांगितले आणि मला ते जमले नाही. मंडळाच्या हळदीकुंकवासाठी मी कॉम्प्युटरवर फुलांचा एक देखावा तयार केला होता. शेवंतीची झुडपे, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, वर झेंडूचे तोरण. कोणीतरी म्हणाले, छापायला देण्याआधी दुबईत करामा भागात राहणाऱ्या नसीमआपांना एकदा दाखव. मी मोठ्या तोऱ्यात लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेले. आपांनी चष्मा नाकावर सरकवला, चित्र नीट न्याहाळले आणि म्हणाल्या, "छान आहे गो. आता हे एवढं पान जरा डावीकडं सरकव."

पान सरकेना. ओढायला गेले तर पानाबरोबर शेवंती, केळी आणि मागचे आभाळही यायला लागले.

"उद्या मन बदललं तर काय करशील?" आपांनी विचारले.

"पुन्हा सगळं काढीन."

"एवढा वेळ आहे तुझ्याकडं? मग बस, चहा पण घे."

त्या चहापासून मी आपांची विद्यार्थिनी झाले, ती आजतागायत आहे. दर शनिवारी सकाळी अबुधाबीतल्या खलिफा सिटीहून दुबईतल्या करामापर्यंत गाडी हाकत जाते. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात, "वीकेंडला कोण एवढं ड्राइव्ह करतं?" त्यांनी आपांच्या हातची सांदणे खाल्लेली नाहीत, हे एक कारण. दुसरे कारण सांगण्यासाठीच हा लेख आहे.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. कॉम्प्युटरवर असे चित्र काढतात ते एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांवर. अशा प्रत्येक कागदाला लेअर म्हणतात. एका लेअरवर एक फूल, दुसऱ्यावर पान, तिसऱ्यावर फुलाची सावली. वरून बघणाऱ्याला सगळे मिळून एकच बाग दिसते, पण काढणाऱ्याला हवे ते फूल हवे तेव्हा उचलून दुसरीकडे लावता येते. मी सगळी बाग एकाच कागदावर काढून बसले होते.

आपा मूळच्या रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावच्या. लग्न होऊन इक्बालभाईंबरोबर दुबईला आल्या. इक्बालभाईंनी कापडाचे दुकान चालवले आणि आपांनी लग्नपत्रिकांच्या एका छापखान्यात नोकरी धरली. तिथे त्या आधी हाताने वेलबुट्टी काढत असत. छापखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे जुने कारागीर घरी बसले, पण आपांनी नातवंडे खेळवायच्या वयात माऊस हातात घेतला. "माऊस म्हणजे ओली साबणाची वडी. घट्ट धरली की निसटते," हे त्यांचे पहिल्या तासाचे वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ आहे.

त्यांची शिस्त मात्र कडक. लेअर कधीही एकत्र करायचे नाहीत, एकही पुसायचा नाही, नको असेल तर फक्त झाकून ठेवायचा. ज्याने फूल काढले त्याचे नाव त्या लेअरला द्यायचे. आणि फूल काढताना खरे फूल शेजारी वाटीत ठेवायचे. माझी आई साताऱ्याहून पहिल्यांदा आमच्याकडे आली, तेव्हा परक्या मुलखात तिचा वेळ जाईना. आपांनी तिला शनिवारी बरोबर आणायला सांगितले, शेजारी बसवले आणि तिच्याकडून एक जास्वंद काढून घेतली. पाकळ्या जरा भाकरीसारख्या झाल्या होत्या. आपांनी त्यांना हातही लावला नाही. "आईंची जास्वंद" या नावाचा तो लेअर त्यानंतर आपांच्या कितीतरी चित्रांत कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात असतो आणि आई अजून फोनवर विचारते, "या खेपेला माझी जास्वंद कुठं लावली?" आईला त्या दोन महिन्यांत हसताना पाहिले ते आपांमुळे, आणि त्याची परतफेड माझ्याकडून होण्यासारखी नाही.

आपांनी आमच्या वर्तुळात एक रीतही घालून दिली. इथून कोणी कायमचे भारतात परत निघाले की त्यांना फुलांचे एक मोठे चित्र द्यायचे. आम्ही प्रत्येकाने आपापल्या लेअरवर एकेक फूल काढायचे आणि आपांनी त्यांचा देखावा रचायचा. या देशात प्रत्येक जण कधी ना कधी जायचाच असतो. सामान कार्गोने जाते, फर्निचर विकले जाते, पण हे चित्र मात्र माणसे गुंडाळून विमानात हातात घेऊन जातात. चित्रातला मोगरा नेहमी आपांचा. त्याच्यासाठी मात्र त्या वाटीत फूल ठेवत नसत. म्हणायच्या, "मोगरा मला पाठ आहे."

आणि इथेच घोटाळा झाला. मागच्या काही काळात आपांचा मोगरा निळा पडू लागला.

एकदम नाही. आधी पाकळ्यांच्या कडेला जरा निळसर झाक आली, मग ती आत शिरली. अबुधाबीतल्या अल रीम आयलंडवरच्या एका कुटुंबाला दिलेल्या चित्रात तर मोगरा गोकर्णीच्या भावकीतला वाटत होता. आपांना छापलेले चित्र पाहिले की पटत नसे, कारण कागदावर त्यांना सगळे मळकट दिसे. मग त्या छपाई करणाऱ्या जोसेफला फोनवर धारेवर धरत. "जोसेफ, तेरा मशीन खराब है." तो बिचारा म्हणायचा, "आपा, मशीन ओके है. फाइल में जैसा है वैसा ही आया." त्यावर आपा, "खलास. अगली बार दूसरे को दूँगी," आणि पुढच्या वेळी पुन्हा जोसेफलाच.

आम्ही काय केले? आम्ही कौतुक केले. मराठी माणूस भांडखोर म्हणून प्रसिद्ध असला तरी आदराच्या माणसासमोर त्याची जीभ टाळूला चिकटते. आमच्यातले बँकेतले कुलकर्णीसाहेब तर एका कार्यक्रमात उभे राहून म्हणाले की आपांच्या निळ्या मोगऱ्यात परदेशातल्या माणसाची हुरहूर उतरली आहे. टाळ्या पडल्या. आपा शेजारी बसलेल्या मला हळूच म्हणाल्या, "हे कुठल्या मोगऱ्याबद्दल बोलतायत?" मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

मग सुनंदावहिनींचे पुण्याला परत जायचे ठरले. सुनंदावहिनी म्हणजे आपांच्या सर्वांत जवळच्या मैत्रीण. दोघींच्या बाल्कन्या समोरासमोर. वहिनींच्या कुंडीतला मोगरा इथल्या उन्हाळ्यातही आपांच्या पाण्यावर तगायचा, कारण वहिनी सुट्टीवर गेल्या की किल्ली आपांकडे असे. त्यांच्या चित्रात सगळीकडे मोगराच असणार हे न बोलता ठरलेले होते. निरोपाच्या जेवणासाठी गजरे घ्यायला आपा आणि मी फुलांच्या दुकानात गेलो. आपांनी गजरा हातात घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"ये कल का माल है. पीला पड गया."

"नहीं अम्मा," दुकानदार म्हणाला, "आज सुबह की फ्लाइट से आया."

"आँखें हैं मुझे."

गजरा घेऊन त्या दाराशी उजेडात गेल्या. एक कळी बोटांनी दाबून पाहिली. कळी टणक होती. नाकाशी नेली, वास ताजा होता. आपा तिथेच थांबल्या. नाक आणि बोटे एक सांगत होती आणि डोळे दुसरेच.

"मेघना, तुला कशी दिसतायत ही फुलं?"

"पांढरी, आपा."

"नीट बघून सांग."

"पांढरीशुभ्र."

"आणि माझ्या चित्रातली?"

मला तेव्हा खोटे बोलणे सोपे होते. पण त्या ज्या तऱ्हेने विचारत होत्या त्यात इतकी भीती होती की मला ते जमले नाही. "निळी दिसतात, आपा. बरेच दिवस झाले."

त्यांनी गजरे घेतले, गाडीत बसल्या आणि पहिला फोन जोसेफला लावला. "बेटा, तेरा मशीन ठीक है. मुझे माफ कर." पंच्याहत्तरीला आलेल्या बाईंनी छपाईवाल्या मुलाची अशी सरळ माफी मागावी, हे मी त्या दिवशी पाहिले.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. डोळ्यातले भिंग वयाने पिवळे पडले होते. त्यामुळे स्क्रीनवरचा पांढरा रंग आपांना पिवळट दिसे आणि तो मनातल्या पांढऱ्यासारखा करायला त्या निळा मिसळत राहत. ऑपरेशन साधे आहे, असे डॉक्टर म्हणाले. पण आपांच्या थोरल्या बहिणीची दृष्टी फार पूर्वी अशाच ऑपरेशननंतर गेली होती. "चित्र काढता आलं नाही तर मी दिवसभर करू काय?" त्या म्हणाल्या. "इक्बाल आहेत, मुलं आहेत, सगळं आहे. पण माझे हात कुठं ठेवू?" ऑपरेशनला त्या तयार झाल्या, पण एका अटीवर: आधी सुनंदाचे चित्र. काय सांगावे, हेच शेवटचे असले तर ते पांढरे असले पाहिजे.

पुढच्या शनिवारी आम्ही सगळे जमलो. खऱ्या मोगऱ्याची वाटी स्क्रीनशेजारी ठेवली होती. आपांनी एकेक फूल रंगवायचे आणि आम्ही सांगायचे.

"कसा आहे?"

"छान आहे, आपा," सगळे एका सुरात.

आपांनी माऊस खाली ठेवला. "छान नको मला. पांढरा आहे का, तेवढं सांगा. तुम्ही खरं सांगितलं नाही तर मी आंधळीच की."

शेवटी कुलकर्णीसाहेबच घसा खाकरून म्हणाले, "निळा आहे, आपा. पहिल्यापासून निळाच आहे."

"शाब्बास. यल्ला, चला, किती कमी करू?"

"अजून थोडा. अजून. आता जास्त झाला, पिवळा वाटतोय."

एकदा तोंड उघडल्यावर मग आम्ही काही राखले नाही. कोणी म्हणाले देठ जाड आहे, कोणी म्हणाले सावली उलट्या बाजूला पडली आहे. आपा ऐकत होत्या आणि हात चालत होता. अनेक दिवसांनी त्या घरात मोकळा वाद झाला. सुनंदावहिनी ते चित्र घेऊन पुण्याला गेल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात आपा ऑपरेशनला.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आपा पहिल्यांदा कॉम्प्युटरपुढे बसल्या, तेव्हा मी शेजारी होते. इक्बालभाई दाराशी उभे राहून तस्बीहचे मणी ओढत होते. सुनंदावहिनींचे चित्र उघडले. आपा पुष्कळ वेळ बघत राहिल्या, मग माझा हात धरून म्हणाल्या, "पांढरा आहे गो." त्या रडल्या, मीही रडले आणि इक्बालभाई आत चहा टाकायला गेले.

नंतर त्यांनी जुनी चित्रे उघडली. "या अल्ला, हे काय करून ठेवलंय मी? आणि तुम्ही याला टाळ्या वाजवल्यात?" कुलकर्णीसाहेबांचे भाषण आठवून त्या इतक्या हसल्या की नवा डोळा सांभाळा म्हणून आम्हाला दटावावे लागले. लेअर सुटे असल्यामुळे प्रत्येक चित्रातला तेवढाच मोगरा बदलणे सोपे होते. त्यांनी घरोघरी फोन केले, चित्र परत द्या, दुरुस्त करून पाठवते. एकही घर तयार झाले नाही. अल रीमवाल्या वहिनी तर म्हणाल्या, "तो मोगरा तुम्ही आम्हाला दिलाय, आपा. आता तो आमचा."

आज आपांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात सगळ्यांनी त्यांची स्तुती केली असेल आणि ती खरीच आहे. पण नुसती स्तुती त्यांना चालत नाही, हे मला पक्के माहीत आहे. म्हणून इथे सर्वांदेखत लिहिते: आपा, परवाच्या चित्रात कमळाच्या पानाची सावली पाण्यावर पडायला हवी होती, ती काठावर पडली आहे. ती दुरुस्त करायला तुम्हाला निरोगी डोळे, स्थिर हात आणि भरपूर वर्षे मिळोत. आमच्या आणखी चुका आणि तुमच्याही आणखी चुका निघू देत, आणि त्या सांगायला आम्ही दर शनिवारी तुमच्या दारात असू.