धाकटीच्या सिनेमाचं परीक्षण

आमच्या रेडिओ केंद्रावर दर शनिवारी सकाळी 'शनिवारचा पडदा' लागतो. आधी आठवड्याच्या सिनेमाच्या बातम्या, मग नव्या सिनेमाचं परीक्षण आणि शेवटी एखाद्या सिनेमावाल्याची मुलाखत. सगळं थेट, आधी ध्वनिमुद्रण वगैरे काही नाही. कार्यक्रम ताई करतात. काचेच्या अलीकडे बसून आवाजाची बटणं मी सांभाळतो, म्हणून ताई मला बटणवाले म्हणतात. माझं खरं नाव त्यांना ठाऊक आहे की नाही, याची मला शंका आहे.

ताई मूळच्या रेडिओच्या नव्हेत. बाजाराच्या चढावर त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. यजमान डोळे तपासतात, ताई काचा घासून फ्रेममध्ये बसवतात. एकदा आमच्या केंद्रप्रमुख बाईंच्या चष्म्याची दांडी निखळली म्हणून त्या दुकानात गेल्या. इवलासा स्क्रू पिळता पिळता ताई आदल्या दिवशी पाहिलेला सिनेमा सांगत होत्या. चष्मा केव्हाच दुरुस्त झाला, पण बाई स्टुलावरून हलेनात. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही काही बोलेनात. सिनेमा संपला तेव्हाच बाई उठल्या आणि म्हणाल्या, हेच माइकसमोर बोलाल का?

पहिल्या दिवशी ताईंची गाळण उडाली होती. पण तोंड उघडलं आणि भीती कुठल्या कुठे गेली. नायिका दार कशी लोटते हे सांगताना त्यांनी हातानं माइकच लोटून दिला. मी धावत आत गेलो, माइक उभा केला, तरी त्या बोलतच होत्या. श्रोत्यांना वाटलं, तो दाराचाच आवाज.

ताई सिनेमाला तारे देत नाहीत. 'तिकीट काढून बघा', 'कुणी नेलं तर जा' आणि 'घरी बसा' असे त्यांचे तीन शेरे. गावात माणसं एकमेकांना शुक्रवारी नाही, शनिवारी दुपारी विचारतात, काय, जायचं का सिनेमाला? मुलाखतीत त्या प्रत्येक पाहुण्याला एक प्रश्न हमखास विचारतात: तुमच्या सिनेमात तुम्हाला स्वतःला कुठे कंटाळा येतो? एका नावाजलेल्या दिग्दर्शकानं यावर फोन आपटला होता. पुढच्या शनिवारी त्यानंच फोन करून उत्तर दिलं, आणि खरंच कंटाळवाण्या प्रसंगाचं नाव घेतलं.

या ताईंची धाकटी बहीण सिनेमात काम करते. काम म्हणजे पडद्यावर नव्हे. मोठ्या शहरात जाऊन ती दुसऱ्यांच्या सिनेमांवर वर्षानुवर्षं राबली. उन्हात छत्र्या धरल्या, नटांच्या मागे पाण्याच्या बाटल्या घेऊन पळाली, मग हळूहळू दिग्दर्शकाच्या खुर्चीशेजारी उभी राहू लागली. आणि एके दिवशी तिनं फोन केला, की तिचा स्वतःचा सिनेमा पूर्ण झाला आहे आणि आपल्या गावातल्या थिएटरातही लागणार आहे. गोष्ट दोन वयस्क मैत्रिणींची होती. दोघी मिळून गाडी शिकवायची शाळा चालवतात आणि एका विद्यार्थिनीवरून त्यांचं बिनसतं.

ताईंच्या घरात नुसती धांदल उडाली. त्यांच्या आईंनी ओळखीच्या आणि बिनओळखीच्या सगळ्यांना निमंत्रणं दिली. यजमानांनी दुकानाच्या काचेवर सिनेमाचं पोस्टर असं चिकटवलं, की आतल्या फ्रेमा दिसेनाशा झाल्या. आमच्या केंद्रप्रमुख बाईंनी धाकटीला शनिवारच्या मुलाखतीला बोलावलं आणि ताईंना बाजूला घेऊन सुचवलं, की या आठवड्याचं परीक्षण दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ, म्हणजे तुम्हाला अवघड जायला नको.

ताईंनी मान हलवली. "इतकी वर्षं मी लोकांच्या बहिणींच्या सिनेमांवर बोलले," त्या म्हणाल्या. "माझी बहीण आली म्हणून गप्प बसले, तर माझं आधीचं सगळं बोलणं पाण्यात."

बाई निघून गेल्या. ताई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "चांगलाच असेल हो, बटणवाले. मला इतकी धाकधूक का होतेय?"

शुक्रवारी पहिल्या खेळाला आम्ही सगळे गेलो. पहिल्या रांगेपर्यंत माणसं. आई मधल्या खुर्चीत, एका बाजूला यजमान, दुसऱ्या बाजूला ताई, आणि ताईंच्या शेजारी मी. धाकटी आत बसलीच नाही. ती दाराशी पडद्याकडे पाठ करून उभी राहिली, म्हणजे तिला लोकांचे चेहरे दिसावेत.

आणि काय सांगू, मध्यंतरापर्यंत आम्ही खुर्चीत टेकलो नाही. त्यातली एक मैत्रीण अशी कडक, की विद्यार्थी आरशात बघायचं विसरला तर ती आरसाच काढून पर्समध्ये टाकते. थिएटर हसून हसून लोळत होतं. मग दुसरी मैत्रीण गाडीत एकटीच बसून, इंजिन बंद ठेवून, गिअर बदलण्याचा सराव करते, तेव्हा अख्खं थिएटर असं चिडीचूप झालं, की मला माझाच श्वास ऐकू आला. ताईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. बहुधा यजमानांचं समजून. मध्यंतरात दिवे लागले तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते, आणि चहा घ्यायलाही त्या उठल्या नाहीत.

मध्यंतरानंतर त्यांची पकड सैल झाली. नंतर सुटलीच. सिनेमा तोच, माणसं तीच, पण आता सगळे एकमेकांना समजावून सांगू लागले होते, की आपण असे का वागलो. शेवटी सगळी पात्रं शाळेच्या अंगणात जमतात, वाद्यं वाजू लागतात, दोघी मैत्रिणी मिठी मारतात आणि विद्यार्थिनी दोघींचे आभार मानत भलं मोठं भाषण करते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनीही वाजवल्या, पण त्यांच्या हातांचा आवाज झाला नाही.

दाराशी धाकटीनं विचारलं, "कसा वाटला?"

"उद्या सांगते," ताई म्हणाल्या.

धाकटीचा चेहरा उतरला. आईंनी तिथल्या तिथे थोरलीला झापलं, की घरच्या माणसाला घरी सांगायचं असतं, रेडिओवर नाही. यजमानांनी मला नंतर सांगितलं, की त्या संध्याकाळी जेवताना दोघी बहिणी एकमेकींना फक्त 'वाढ' आणि 'पुरे' एवढंच म्हणत होत्या.

शनिवारी दोघी वेगवेगळ्या रस्त्यांनी केंद्रावर आल्या. काचेपलीकडे समोरासमोर बसल्या. मी आवाज तपासला, लाल दिवा लावला. ताईंनी बातम्या झरझर वाचल्या. एरवी त्या प्रत्येक बातमीला एखादा टोमणा जोडतात, आज एकही नाही. मग त्यांनी कानावरचे हेडफोन नीट केले आणि बोलायला लागल्या.

पहिल्या अर्ध्या भागाबद्दल त्या जे बोलल्या, ते मी कधीच विसरणार नाही. पर्समधला आरसा, बंद इंजिन, एक शब्द न बोलता बदललेला गिअर. त्या सांगत होत्या आणि धाकटी हळूहळू फुलत होती. मग ताई थांबल्या.

"मध्यंतरानंतर मात्र," त्या म्हणाल्या, "दिग्दर्शिकेचा आमच्यावरचा विश्वास उडाला. आम्हाला कळलं नसेल असं वाटून तिनं सगळं पुन्हा समजावून सांगितलं. शेवट तर गोड औषधासारखा पाजला. माझा शेरा: कुणी नेलं तर जा."

त्यानंतर आवाज बंद. रेडिओवर शांतता म्हणजे आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं संकट. माझा हात गाण्याच्या बटणावर गेला होता. काचेपलीकडून ताईंनी मला नको अशी खूण केली.

धाकटीनं माइक जवळ ओढला. "तो शेवट तुझ्यामुळे आहे, ताई," ती म्हणाली.

ताई गोंधळल्या. मग धाकटीनं सांगायला सुरुवात केली. लहानपणी तिला थिएटरात नेत नसत. थोरली जाऊन यायची आणि धाकटीला अंथरुणात पडल्या पडल्या सगळा सिनेमा सांगायची. आणि प्रत्येक सिनेमाच्या शेवटी सगळे भेटायचे, रडायचे, माफी मागायचे, मिठी मारायचे. मोठी झाल्यावर त्यातले काही सिनेमे धाकटीनं स्वतः पाहिले, तेव्हा तिला कळलं, की त्यांत नायक मरतो, नाही तर कुणीच कुणाला भेटत नाही. थोरलीनं ते शेवट आपल्या पदरचे लावले होते, धाकटीला झोप लागावी म्हणून.

"मी आधी वेगळाच शेवट चित्रित केला होता," धाकटी म्हणाली. "पण तू थिएटरात बसणार, हे डोक्यात होतं. म्हणून हा केला."

ताई हसू लागल्या. हसता हसता त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि विचारलं, की मग खरा शेवट काय होता? धाकटीनं सांगितलं: विद्यार्थिनी परीक्षेत पास होऊन निघून जाते. दोघी मैत्रिणी गाडीत बसतात. कडक मैत्रीण इंजिन बंद करते. दोघींपैकी कुणीच खाली उतरत नाही. बस, एवढंच.

ताई म्हणाल्या, "हा बघायला मी पळत जाईन."

तेवढ्यात फोनचे दिवे लुकलुकू लागले. सगळे एकदम. असं माझ्या नोकरीत कधी झालं नव्हतं. मी पहिला फोन जोडला. गाडी शिकवणारे एक गृहस्थ होते. ते चिडून म्हणाले, की आत्ताचा शेवटच योग्य आहे, मी बायकोसमोर रडलो, आमच्या धंद्यात कुणी आभार मानत नाही, निदान सिनेमात तरी मानू द्या. दुसऱ्या बाई म्हणाल्या, की खरा शेवट बदलला म्हणजे फसवणूक झाली. कुणी धाकटीच्या बाजूनं, कुणी ताईंच्या, आणि दोघी बहिणी त्यांच्याशी आणि एकमेकींशी एकाच वेळी भांडत होत्या. केंद्रप्रमुख बाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पुढचा कार्यक्रम पुढे ढकलायची खूण केली.

मग जो फोन जोडला, त्यावर ओळखीचा आवाज आला. आई होत्या.

"मला सिनेमा आवडला," आई म्हणाल्या. "पण थोरली म्हणते ते काही खोटं नाही. मध्यंतरानंतर मी दोनदा घड्याळ बघितलं. कुणाला सांगितलं नव्हतं, आता विषय निघालाच आहे म्हणून सांगते."

धाकटी टेबलावर डोकं टेकून हसत होती. ताईंनी पुढे वाकून तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्या गडबडीत माइक पुन्हा आडवा झाला.

दुपारच्या खेळाला थिएटरासमोर ही गर्दी. अर्धे लोक सिनेमा बघायला आले होते, अर्धे न्यायनिवाडा करायला. थिएटरचे मालक हुशार. त्यांनी धाकटीला गाठून विचारलं, की तो पहिला शेवट कुठे आहे? धाकटीनं निर्मात्याला फोन लावला. आधी तो खवळला, की सख्ख्या बहिणीनं रेडिओवर माती केली. मग थिएटरमधली गर्दी ऐकून निवळला आणि म्हणाला, एका खेळापुरतं पाठवतो.

तो खेळ पुढच्या रविवारी सकाळी ठेवला. आधी लागलेला सिनेमा, मग दिवे न लावता तो वगळलेला शेवट. त्या दिवशी धाकटी आत बसली, ताईंच्या शेजारी. पडद्यावर गाडी थांबली, इंजिन बंद झालं, आणि दोघी तशाच बसून राहिल्या. थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. मी ताईंकडे बघितलं. त्या पुढे झुकून, हनुवटीखाली मुठी धरून बघत होत्या.

बाहेर आल्यावर लोकांनी बहिणींना घेरलं. धाकटीला राहवेना. तिनं विचारलं.

"सांगितलास तेव्हा जास्त चांगला होता," ताई म्हणाल्या. "पडद्यावर लांबलाय. आणि त्यांनी उतरायचं नाही, हे बरोबर, पण एकीनं तरी दाराच्या कडीला हात लावायला हवा होता."

मला वाटलं, आता संपलं सगळं. पण धाकटीनं कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाली, की हात लावलेला प्रसंग चित्रित केला होता, संकलकानं उडवला. ताईंनी विचारलं, का उडवला? धाकटी म्हणाली, हात थरथरत होता. ताई म्हणाल्या, अगं, मग तोच तर हवा. आणि दोघी पायऱ्यांवर बसल्या. धाकटी हवेत गाडीचं दार काढून दाखवू लागली, ताई त्या नसलेल्या दाराची कडी धरून अशी धरली होती की अशी, म्हणून विचारू लागल्या. गाडी शिकवणारे ते गृहस्थही पुढे सरकले आणि म्हणाले, तशी नाही, कडी आतून वर ओढायची असते.

आई यजमानांचा हात धरून खालच्या पायरीवर थांबल्या होत्या. जेवायला उशीर होतोय असं त्यांनी एकदा सांगून बघितलं, आणि मग त्याही वळून ऐकत उभ्या राहिल्या.