सोललेली कोलंबी

बोळिंजच्या आमच्या सोसायटीत इंग्रजीच्या शिकवण्या आधी मी सुरू केल्या. रोझलीन डाबरे मागाहून आली, तरी मुलांची झुंबड तिच्याकडे! माझ्याकडे फळा आहे, पंखा आहे. तिच्याकडे नुसता स्वयंपाकाचा ओटा.

परवा ऋतिकानं मला विचारलं, “टीचर, बटर म्हणजे लोणी आणि बटर म्हणजेच लोणी लावणं. मग शेल म्हणजे कवच, तर शेल म्हणजे कवच काढणं कसं?”

मी म्हटलं, “इंग्रजीत शब्दाला काही न जोडता नामाचं क्रियापद होतं. पाठ कर.”

माझा तास संपल्यावर हीच ऋतिका रोझलीनच्या ओट्याशी! एका मुलीच्या हातात पाव, हिच्या हातात कोलंबी. रोझलीन म्हणत होती, “वस्तू हातात आली की तिचं काय करायचं ते कळतं ना? इंग्रज त्या करण्यालाही वस्तूचंच नाव देतो.” मुली खिदळत होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आमचं घर शाकाहारी. तरी दुसऱ्या दिवशी नाक दाबून मी मासळीबाजारात गेले. कोळीण म्हणाली, “सोलून देऊ, बाय?” आयतं काम होतंय म्हणून मी हो म्हटलं.

वर्गात ऐटीत पिशवी उघडली. “चला, शेल करा!”

मुलांनी आत पाहिलं आणि एकमेकांकडे पाहिलं. ऋतिकाला माझी दया आली असावी.

“टीचर,” ती हळूच म्हणाली, “कालची टरफलं रोझलीन टीचरकडे आहेत. आणू का?”